दुबार नोंद

"रहिवाशांची यादी उघडेपर्यंत माणूस म्हातारा होतो रे!" पालिकेतल्या साहेबांनी टोमणा मारला. डेटाबेस सांभाळणाऱ्याने तो मनावर घेतला. आईवडील तेच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच आणि नावाच्या जागी नुसतं 'बाळ', अशा दुबार नोंदी त्याने एका दमात उडवल्या. यादी झटक्यात उघडू लागली. साहेबांनी पाठ थोपटली.

आठवड्याभरात एक इमारत कोसळली. साहेबांनी ऐटीत, क्षणात यादी काढून दिली. जिवंत-मेलेले सगळे यादीशी जुळले, तसा बचावपथकाने शोध थांबवून ढिगाऱ्यावर बुलडोझर चढवला.

दवाखान्यात शुद्धीवर आलेल्या आईच्या कुशीत नर्सने तिचं बाळ ठेवलं.

"सिस्टर, आणि ह्याचा जुळा भाऊ?"