अठरा घरांची विहीर

भीमराजनं पिशवीतून बाटली काढली आणि न्यायाधीशांसमोरच्या मेजावर ठेवली.

"ह्ये आमच्या हिरीचं पाणी, सायेब. कारखान्याच्या म्यानेजरसायबानं एक गिलास प्यावं. प्याले, तर माजी तक्रार न्हाई."

त्याचे वकील नरहरराव दचकले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त सुमनबाईला. परवा जेवताना भीमराजनं बायकोला सगळं सांगितलं होतं. बाटली तिनंच फडक्यात गुंडाळून आणली होती.

एक्क्याऐंशी साल होतं ते. चार वर्षांपूर्वी भीमराजच्या गावाजवळ, हळ्ळीखेडच्या पलीकडच्या माळावर रसायनाचा कारखाना आला. त्याचं सांडपाणी ओढ्यात, अन् ओढ्याकाठी बौद्धवाड्याची विहीर. गावातल्या दुसऱ्या विहिरीवर या अठरा घरांना कुणी येऊ देत नव्हतं. पाणी दिसायला काचेसारखं, वाससुद्धा नाही. आधी म्हशी गाभडल्या. मग भीमराजची तीन वर्षांची शालन गेली.

तपासणीला सरकारी माणसं दोनदा आली. दोन्ही वेळा कारखान्यानं आठवडाभर आधीच सांडपाणी बंद ठेवलं. दोन्ही अहवालांत पाणी निर्दोष ठरलं. आज शेवटची तारीख होती.

"कुणावर जबरदस्ती नाही," न्यायाधीश म्हणाले.

मॅनेजर शिवशंकरप्पा उठला. शिपायानं गिलास भरून दिला. तो गिलासाकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

ह्याला म्हाईत हाय, भीमराजच्या मनात आलं. आता खाली ठेवतो.

शिवशंकरप्पानं डोळे मिटले आणि एका दमात गिलास रिकामा केला. तोंड पुसून म्हणाला, "पाणी चांगलं आहे."

दुपारी निकाल लागला. दोन्ही अहवाल कारखान्याच्या बाजूचे, शिवाय तक्रारदारानं स्वतः आणलेलं पाणी सर्वांसमक्ष प्यायलं गेलेलं. तक्रार फेटाळली. कारखाना चालू राहील.

नरहररावांनी अपिलाचं काहीतरी सांगितलं. भीमराज मान हलवत होता. शब्द कानावर पडत होते, आत काही जात नव्हतं. राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं.

भीमराज आणि सुमनबाई कोर्टाच्या पायऱ्यांवर येऊन बसले. समोरून शिवशंकरप्पा गेला. ताठ चालत गेला, कुणाशी तरी हसला आणि जीपमध्ये बसला.

"बघ की," भीमराज म्हणाला. "कसा चालायलाय. त्याला कायबी झालं न्हाई."

सुमनबाई बाटलीच्या फडक्याची घडी घालत होती.

"मंग आपल्या पोरीलाच कामून बाधलं? का मीच येडा? पाणी चांगलंच असंल?"

"तुम्ही येडे न्हाई."

"मंग?"

सुमनबाईनं पदर सारखा केला. जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत ती तिकडंच बघत होती.

"शालन तीन दिस माज्या मांडीवर तडफडली," ती म्हणाली. "तसं मरण पुन्यांदा बघायचं बळ न्हाई मला. त्याचंबी न्हाई. सकाळी बस यायच्या आदी म्या बाटली रिकामी केली, अन् हळ्ळीखेडच्या बसस्टँडवरच्या नळाखाली धरली."