सातवं पान

समोरचा चष्मेवाला अजून अकराव्या कलमाचं नाव काढत नव्हता, आणि टेबलाखाली तिचा गुडघा थांबायला तयार नव्हता.

लॉ फर्मच्या काचेच्या खोलीत दोघं समोरासमोर बसली होती. दोघंही कायद्याच्या चौथ्या वर्षाला. इंटर्नशिपच्या जागा दोन आणि निवडीला बोलावलेले दहा. सकाळी लेखी परीक्षा झाली होती, आता तडजोडीची. प्रकरण काल्पनिक होतं. ती इमारतीच्या मालकाची वकील, तो तिथल्या भाडेकरू बेकरीवाल्याचा; वाद गळक्या छतापायी थकवलेल्या चार महिन्यांच्या भाड्याचा. दोघांना नऊ पानांचा एकच भाडेकरार दिलेला. वाचायला पाव तास, बोलायला वीस मिनिटं. कोपऱ्यात फर्मच्या ज्येष्ठ वकील बाई वही उघडून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची मुलगी घड्याळ सांभाळत होती.

करार वाचतानाच तिने एका कलमाखाली रेघ ओढली होती. कलम अकरा, पान सात : छत गळत असल्याचं कळवूनही मालकाने पंधरा दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर तोवरचं भाडं माफ. आणि तिच्या मालकाने चार महिने हातही लावला नव्हता. समासात पेन्सिलीने तिने तीन उत्तरं लिहून ठेवली होती. तिसऱ्याखाली तिचंच अक्षर होतं : हेही टिकणार नाही.

पण हा पठ्ठ्या त्याबद्दल बोलतच नव्हता. पीठ भिजलं, गिऱ्हाईक तुटलं, एवढंच घोळवत होता. शेवटच्या मिनिटाला काढणार, तिला वाटलं. मुद्दाम दम खातोय. ती घोटभर पाणी प्यायली. चौदा अर्ज केले होते तिने. अकरा ठिकाणांहून साधं उत्तर नाही, दोन ठिकाणी लेखी परीक्षेतच गळली. आईने तर हल्ली विचारणंच सोडलं होतं. हे चौदावं ठिकाण होतं.

"करारात दुरुस्तीबद्दल काही नसलं, तरी माणुसकी म्हणून..." तो म्हणाला.

करारात काही नसलं तरी?

तो घाईघाईने कागद चाळत होता. उलटी दिसत असली तरी पानांच्या तळाचे आकडे तिला नीट वाचता आले. पाच. सहा. आठ.

तिचा गुडघा एकदम थांबला.

"चार मिनिटं," घड्याळवाली म्हणाली.

चष्मेवाल्याने कपाळ पुसलं. "ठीक आहे. माझे अशील निम्मं भाडं भरतील. द्या, सही करतो."

ती जिंकली होती. तोंड बंद ठेवायचं, बस्स. तिने पेन उचललं आणि त्याच्यापुढे धरलंसुद्धा. पण सोडवेना. त्यानेही पेन पकडलेलं, तिनेही. तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला.

"एक मिनिट," ती म्हणाली. "तुमचं सातवं पान कुठंय?"

घड्याळवालीचा चेहरा पडला. "अय्या, बहुतेक छापतानाच..." ती उठू लागली. ज्येष्ठ वकील बाईंनी वहीतून मान वर केली नाही. "बसा. घड्याळ थांबणार नाही."

तिने आपलं सातवं पान काढून टेबलावरून सरकवलं. सरकवल्यावर तिच्या लक्षात आलं. समास! तिची तिन्ही उत्तरं पेन्सिलीने त्यावर तशीच होती.

तो वाचत गेला. समासापाशी त्याची नजर अडखळली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, पान पालथं ठेवलं आणि खुर्चीत ताठ झाला. उरलेल्या अडीच मिनिटांत त्याने एक रुपयाही सोडला नाही. ती बोलायला तोंड उघडायची, तेव्हा उत्तर त्याच्याकडे तयार असायचं.

वेळ संपली. वकील बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"तुमचे अशील बाहेर बसलेत असं समजा," त्या तिला म्हणाल्या. "त्यांना काय सांगाल?"

"सही अपुऱ्या करारावर झाली असती, मॅडम. उद्या कुणीही ती मोडीत काढली असती. मी त्यांना त्यातून वाचवलं."

"हे तेव्हा सुचलं होतं?"

"नाही. आत्ता सुचलं."

बाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

तासाभराने बाहेरच्या फलकावर दोन नावं लागली. एक चष्मेवाल्याचं होतं. दुसरंही तिचं नव्हतं. तिने यादी तीनदा वाचली; दोनच ओळी होत्या, तरी.

जिन्यात तो मागून धावत आला. "तू मला ते पान... म्हणजे, मी तुझी उत्तरं वाचायला नको होती."

"समोर आल्यावर वाचणारच की."

"तू वाचली असतीस?"

ती पायऱ्या उतरू लागली.

बसथांब्यावर दादाचा फोन आला. "काय वकीलसाहेब, मारलं का मैदान?"

"नाही. पान देऊन आले."

"कसलं पान? झाडाचं?"

"घरी आल्यावर सांगते रे." तिने फोन ठेवला. बसचा पत्ता नव्हता. ती थांब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली, मग थांबून तिने फोनवरच पंधरावा अर्ज उघडला. नाव, वर्ष, गुण भरून झालं. खाली दोन रिकाम्या चौकटी होत्या. ज्या कृतीचा अभिमान वाटतो अशी एक सांगा. जिचा पश्चात्ताप होतो अशी एक सांगा. शंभर-शंभर शब्दांत.

तिने पहिल्या चौकटीत लिहायला सुरुवात केली. लिहिलेलं खोडलं आणि तेच दुसरीत लिहिलं. तिथूनही खोडलं. बस आली, दार उघडलं, मागच्या बाईने तिला ढोसलं, "चढताय ना?"

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. बस निघून गेली. तिने ते पुन्हा एकदा, सावकाश, शेवटपर्यंत लिहिलं आणि दोन्ही चौकटींत तेच ठेवलं. एक शब्दही न बदलता.