तेवढं पुढं पळवू नगंस

दुसरा सेट सुरू झाला आणि पूजानं पहिलाच चेंडू जाळीपलीकडं अलगद टाकला.

शिवांजली मागच्या रेषेवरून धावली. पोचलीही. पण जाळीपाशी थांबताना तिचा डावा पाय जरासा वाकडा पडला. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. सांगलीच्या त्या कोर्टावर जमलेली माणसं टाळ्या वाजवायलाच आली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी देशात पहिल्या नंबरवर असलेली कवठे महांकाळची पोरगी आज पुन्हा खेळत होती. ही स्पर्धा जिंकली की तिला भारताच्या संघात परत घेणार होते. पहिला सेट तिनं घेतलाही होता.

पुढचा चेंडू तसाच पडला. त्याच्या पुढचाही.

पहिल्या रांगेत शिवांजलीची आई, हरणाबाई, बसल्या होत्या. टेनिसमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं. गुण पंधरा, तीस, चाळीस असे उड्या मारत का जातात, हे लेकीनं कितीदा सांगूनही डोक्यात शिरलं नव्हतं. पण लेकीचा गुडघा त्यांना कळत होता. पळताना काही होत नाही, पळता पळता एकदम थांबलं की कळ येते, हे शिवांजलीनं दोघांनाच सांगितलं होतं. आईला आणि तिला टेनिस शिकवणाऱ्या हंबीरराव सरांना. "भाईर कुटं बोलायचं न्हाई हं आई," असं बजावलंही होतं.

आणि आज सकाळी नळावर पूजा एकटीच भेटली होती. साताऱ्याची पोर, चेहऱ्यानं गरीब. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात भेटायला आली होती, तेव्हा ताई ताई करत शिवांजलीच्या उशाशी बसून राहिली होती. तिला बघून हरणाबाईंना राहवलं नाही.

"पोरी, तू जिंक न्हाईतर ती जिंकू दे, माजं काय म्हणणं न्हाई. पर तिला तेवढं पुढं पळवू नगंस. जाळीपाशी थांबताना डावा गुडघा लय दुखतुया तिचा."

पूजानं नळ बंद केला. मग वाकून पाया पडली. "काकू, तुम्ही निवांत बसा," म्हणाली.

"ही पोरगी असं कधी खेळत नाही," शेजारी बसलेले हंबीरराव सर पुटपुटले. "हिचा सगळा जोर लांबून मारण्यावर. आज हे नवीन कुठनं काढलं?"

हरणाबाईंच्या हातात पाण्याची बाटली होती. तिचं झाकण त्या उघडत होत्या, परत लावत होत्या.

दुसरा सेट गेला. तिसऱ्यात तर पूजानं आडपडदाही ठेवला नाही. शिवांजली एकही चेंडू सोडत नव्हती. धावायची, थांबायची, दात आवळायची, परत मागं जायची. माणसांच्या टाळ्या आता थंडावल्या होत्या.

"पूजा!"

हरणाबाई कधी उठून उभ्या राहिल्या, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पंचानं हात वर करून शांत राहायला सांगितलं. पूजानं वळून त्यांच्याकडं पाहिलं. चांगलं नजरेला नजर देऊन पाहिलं. मग सर्व्हिस केली, आणि परत आलेला चेंडू नेमका जाळीपाशीच टाकला.

सामना संपला, पूजा जिंकली. शिवांजली लंगडत कठड्याशी आली ती थेट सरांसमोर उभी राहिली.

"सर, ह्ये गुडघ्याचं तुमाला आणि आईलाच ठावं हुतं." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "आई हितं कुणाशी बोलत न्हाई. पूजाच्या सरांची आणि तुमची गाठ कवा पडली?"

हंबीररावांचा चेहरा उतरला. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर हरणाबाईंकडं गेली. तिथं काय दिसलं कोण जाणे, ते बोलले नाहीत. वाकून त्यांनी शिवांजलीची बॅग उचलली.

हरणाबाईही गप्प राहिल्या असत्या तर चालून गेलं असतं.

"त्यांना बोलू नगंस," त्या म्हणाल्या. "म्या सांगितलं."

"कुणाला?"

"तिलाच. म्हणलं, हिला पुढं पळवू नगं. मला वाटलं, ताई म्हणती की तुला, दया यील."

शिवांजली आईकडं बघत राहिली. रागावलेली पोरगी हरणाबाईंना ठाऊक होती, रडवेलीही ठाऊक होती. ही नजर त्यांनी कधी पाहिली नव्हती.

पूजा बॅग खांद्याला लावून आली. जाता जाता थांबली, सकाळसारखीच वाकली. हरणाबाईंचा हात तिच्या पाठीवर गेला नाही.

"काकू, मॅच होती," ती खालच्या मानेनं म्हणाली आणि निघून गेली.

"तिनं काय वावगं केलं न्हाई," शिवांजली म्हणाली. "समोरच्याचं दुखणं कळलं, तर कुणीबी तितंच मारतं. म्याबी मारलं असतं."

मग तिनं सरांच्या खांद्यावर हात टाकला. "चुकलं सर माजं. चला, गाडीपतोर न्या मला." पुढं ती दोघं, मागं हरणाबाई.

फाटकाशी एक म्हातारा गावकरी काठी टेकून थांबला होता. खास पोरीला बघायला कवठे महांकाळहून आलेला. त्यानं हरणाबाईंना अडवलं.

"व्हय गं बाई, पोरीचा गुडघा कसा हाय आता?"

हरणाबाईंनी पुढं पाहिलं. शिवांजली गाडीत बसत होती.

"ठावं न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "मला ती काय सांगत न्हाई."