मामावरचं प्रात्यक्षिक

मामाला चटईवर उताणा निजवून मॅडमनी त्याच्या छातीवरची धूळ फडक्याने पुसली, आणि वर्ग एकदम गप्प झाला.

मामा म्हणजे रबरी पुतळा, तोही कमरेपर्यंतच. डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. हे नाव त्याला कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण कॉलेजभर तेच रुजलं होतं. बुडालेला, विजेचा धक्का बसलेला, हृदय बंद पडलेला, माणूस कुठलाही असो, पाळी मामावरच यायची. राज्यशास्त्र आणि इतिहासाच्या पहिल्या वर्षाला आरोग्यशिक्षण सक्तीचं होतं, त्यामुळे एरवी मुलं या तासाला पाय ओढतच यायची. आज सगळी वेळेवर आली होती.

कारण उघड होतं. मॅडमचे यजमान, म्हणजे या मुलांचे इतिहासाचे सर, गेल्या महिन्यात घरी सकाळचा चहा घेता घेता कोसळले आणि गेले. त्यानंतर मॅडम आजच वर्गावर येत होत्या.

"वहिनी, आजचा तास मी घेतो," यजमानांचे जुने दोस्त, राज्यशास्त्राचे सर, दारातच म्हणाले होते. "मामाला राज्यघटना शिकवतो. बिचारा तक्रार करायचा नाही."

"नको भावोजी. आज याला हात लावला नाही, तर परत कधी लावणार नाही मी."

भावोजी तरी गेले नाहीत. मागच्या बाकावर पेपर उघडून बसले, आणि पान काही उलटेना.

"आधी खांद्यावर थापटा. मोठ्याने हाक मारा," मॅडम सांगू लागल्या. आवाज ठीक होता. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "आजूबाजूला गर्दी असेल तर 'कुणीतरी गाडी बोलवा' असं म्हणू नका. कुणीतरी म्हटलं की कुणीच बोलवत नाही. एकाकडे बोट दाखवा आणि त्यालाच सांगा."

"आमचे सर म्हणायचे," पुढे बसलेली इतिहासाची मुलगी बोलून गेली, "तुमच्या मॅडमच्या विषयात माणसं वाचतात, आमच्या विषयात मेल्याशिवाय प्रवेश नाही." आणि लगेच तिने जीभ चावली. "सॉरी मॅडम. मला म्हणायचं होतं की... सर नशीबवान होते. घरातच तुम्ही होतात. करायचं काहीच राहिलं नाही."

हे वाक्य मॅडमनी महिनाभर ऐकलं होतं. जावेने म्हटलं, दिरांनी म्हटलं, प्राचार्यांनी तर शोकसभेत माइकवरून म्हटलं. दरवेळी त्यांनी मान हलवली होती. खरं काय ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं कसं, हेही त्यांना कळत नव्हतं.

आताही त्यांनी मान हलवली आणि मामाशेजारी गुडघे टेकले.

"तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध ठेवा. त्यावर दुसरा हात. कोपर ताठ. अंगाचं वजन टाकायचं, भीड धरायची नाही. नीट दाबलंत तर कधी कधी बरगडी मोडते. आवाज येतो. आला तरी थांबायचं नाही. बरगडी पुढे जुळते."

वर्षानुवर्षं शिकवलेली ही वाक्यं तोंडात अलगद आली. त्यांनी वजन टाकलं.

मामाच्या आत एक पट्टी असते. दाब पुरेसा बसला की ती वाजते. टक्.

मॅडमचे हात झटक्यात मागे आले. त्या मामाच्या तोंडावर वाकल्या.

"लागलं का हो?"

वर्ग खो खो हसला. इतका वेळ धरलेला श्वास सगळ्यांनी एकदम सोडला. मॅडम पूर्वी अशाच गमती करायच्या. चला, मॅडम सावरल्या. कुणीतरी टाळीसुद्धा दिली.

मागे भावोजींचा पेपर हळूहळू खाली आला. ते हसत नव्हते.

त्या सकाळीही स्वयंपाकघराच्या फरशीवर असाच आवाज झाला होता. असेच हात मागे आले होते, आणि हेच शब्द तोंडून गेले होते. लागलं म्हणून ते कपाळाला आठ्या घालतील, "अगं, हळू" म्हणतील, म्हणून त्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. किती वेळ, ते आठवत नाही. पुन्हा हात ठेवले तेव्हा ओठांचा रंग गेला होता. डॉक्टर म्हणाले, झटकाच एवढा मोठा होता की कुणी काही करू शकलं नसतं. असेल. पण मधे हात थांबले होते, हे डॉक्टरांना कुठे माहीत होतं?

"मॅडम," इतिहासाची मुलगी हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "मग मामा काय म्हणाला?"

मॅडमनी मामाच्या अर्धवट उघड्या तोंडाकडे पाहिलं.

"काही नाही म्हणाला."

हसू विरत गेलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. भावोजी बाकावरून अर्धे उठले होते. मॅडमनी त्यांना हातानेच बसा म्हटलं.

"वह्या काढा," त्या म्हणाल्या. "हे पुस्तकात दिलेलं नाही. लिहून घ्या. समोर कुणीही असो, उत्तराची वाट बघायची नाही."

मुलांनी माना खाली घातल्या आणि लिहून घेतलं.