न सुकणारा घेवडा

संशोधिकेने काचघराचं दार उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घेवड्याच्या झाडून साऱ्या कुंड्यांतून पाणी ठिबकत होतं. कोणती जात पाण्यावाचून तग धरते हे बघायला तिनेच मुद्दाम त्यांचं पाणी तोडलं होतं. कालपर्यंत बऱ्याच रोपांनी माना टाकल्या होत्या, थोडीच झुंजत होती. आज सगळीच टवटवीत!

"पाणी कुणी घातलं?"

"मी घालायला लावलं," संचालक टाय सारखा करत म्हणाले. "एवढे मोठे पाहुणे येतायत, त्यांना काय पाचोळा दाखवायचा? संस्थेची अब्रू जाईल!"

"सर, तो पाचोळा म्हणजेच माझा प्रयोग होता!"

"बरं बरं, आता चेहरा जरा हसरा ठेवा. आलेच ते."

पाहुण्यांनी हिरव्यागार कुंड्यांवरून नजर फिरवली. "वा! यातली पाण्यावाचून जगणारी जात कोणती?"

संचालकांची छाती फुगली. "सगळ्याच, साहेब!"

पाहुणे भारावून टाळ्या वाजवू लागले. तिने दातओठ खात खाली बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "जरा बाजूला सरकता का? तुमचे बूट भिजतायत."