तिसरा साक्षीदार

ओयदिन अंगणात आली तरी मामासाली जर्दाळूखालच्या चौथऱ्यावरून उठला नाही. चहाचा पेला तेवढा खाली ठेवला.

“बोल, पलीकडचे.”

लग्न होऊन ती कालव्यापलीकडून या गावात आली, तेव्हापासून तो तिला याच नावाने हाक मारायचा. तेव्हा दोन्ही काठ एकाच सोव्हिएत देशात होते. मग तो देशच उरला नाही. पुलावर शिपाई बसले आणि ओयदिनच्या हातात मेलेल्या देशाचा पासपोर्ट राहिला. तिची आई पुलापलीकडे चार घरं सोडून अंथरुणाला खिळली होती. शिपाई काही ओयदिनला पुलावरून सोडत नव्हते.

“मामासाली अका, ओश शहरातून वकीलबाई आल्यात, शाळेत बसल्यात. इथला पासपोर्ट मिळायला, मी इथंच राहते असं सांगणारे तीन जण हवेत, नात्याबाहेरचे. दोघं झाले.”

“आणि तिसरा मी? गावातली माणसं संपली?”

संपलीच होती. तरणे सगळे रशियात, आणि उरलेल्यांतले बहुतेक तिच्या नवऱ्याचे भाऊबंद. मामासालीची बायको तुर्सुनाय होती, पण ती नवऱ्याला विचारल्याशिवाय स्वतःच्या पेल्यात चहासुद्धा ओतत नसे.

“नागरिक होणं म्हणजे बाजारातून टरबूज आणणं नव्हे,” मामासाली म्हणाला.

देशाबद्दल बोलायचा मक्ता गावाने त्यालाच देऊन टाकला होता. नाकाने कांदे सोलावेत तर यानेच. मत द्यायला जात नसे, कारण उमेदवार सगळे चोर. पेन्शन घेत नसे, कारण सरकारचा पैसा हराम. धाकटी बहीण पलीकडे दिलेली. तिचा नवरा वारला तरी हा गेला नाही, कारण परक्या मुलखात तो पाय ठेवत नसे. त्याचा स्वतःचा जन्म कुठला, हे कुणी विचारलं नव्हतं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला असलं कोण विचारणार?

“आई माझं नाव घेत असते म्हणे,” ओयदिन म्हणाली. “दुसरं काही बोलतच नाही आता.”

मामासालीने उरलेला चहा मातीत ओतला.

“जा. सांग बाईला, येतोय.”

तो खरंच आला, पांढरी टोपी घालून. वकीलबाई बेगिमाय त्याच्या नातीच्या वयाची होती. तिने विचारायच्या आत त्याने सुरुवात केली.

“ही इथलीच. माझ्या कोंबड्या हिच्या वाफ्यात शिरल्या की काय शिव्या देते, ऐका एकदा. परक्या माणसाला असं जमत नाही.”

बेगिमाय हसली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

“सही करा. आणि तुमचा पासपोर्ट दाखवा.”

“घरी राहिला.”

“घेऊन या, थांबते मी.”

तो गेला. चहा निवला, पुन्हा आला, पुन्हा निवला. आता हा येत नाही, असं ओयदिनने मनाशी धरलं. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता, की सगळं सोडून याच्याच दारात कशाला गेले.

उन्हं कलल्यावर मामासाली आला. मागे तुर्सुनाय होती, आपला पासपोर्ट ओढणीत गुंडाळून.

“ही करेल सही,” तो म्हणाला. “ही काय आणि मी काय, एकच.”

तुर्सुनायने सही केली. ओयदिनने तिला मिठी मारली आणि मोकळेपणी रडली.

“महिन्याभरात पासपोर्ट येईल तुमचा,” बेगिमाय तिला म्हणाली आणि कागद आवरू लागली.

मामासाली गेला नव्हता. त्याने टोपी काढली आणि ओयदिनच्या रिकाम्या खुर्चीवर बसला.

“साक्षीदार नागरिकच लागतो का?”

“हो. तिघंही. आणि नात्याबाहेरचे.”

“दोघं मिळतील मला,” तो म्हणाला. मग त्याने दारात उभ्या ओयदिनकडे पाहिलं. “तिसरीचा पासपोर्ट येऊ दे. थांबतो मी.”