देवापुढं घेतलेलं नाव

"मी गोपिका. चेतन धकातेची बायको," दारातली बाई म्हणाली. "खाप्याहून आली. पाद्रीबाबानं पत्ता दिला."

प्रेमलताबाईंनी दाराची साखळी तशीच राहू दिली. अडीच वर्षांपूर्वी, सकाळी अकराच्या लख्ख उन्हात, चेतन धकातेने दारूच्या नशेत राखेने भरलेला टिप्पर ट्रक कामठी रोडवर एका स्कूटीवर घातला होता. स्कूटीवर त्यांची एकुलती मुलगी एस्तेर होती. नर्सच्या नोकरीत प्रेमलताबाईंनी कितीतरी प्रेतं आपल्या हातांनी धुतली होती. एस्तेरचं धुता आलं नाही. धुण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"काय पाहिजे?"

"काही नाई, बाई. सांगाले आली. ते गेले. मागच्या मंगळवारी, जेलातच. कावीळ झाली होती."

गोपिकाचं कपाळ कोरं होतं. तिचा पदर धरून सहा वर्षांची एक मुलगी उभी होती. प्रेमलताबाईंनी साखळी काढली.

रोज सकाळी प्रार्थनेला बसलं की त्या बायबलातलं एकच स्तोत्र उघडत. वैऱ्याचे दिवस थोडे होवोत, त्याची बायको विधवा होवो, लेकरं पोरकी होवोत, असं मागणारं. प्रत्येक मागणीआधी त्या चेतन धकातेचं पूर्ण नाव घेत, चुकून दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून. कोर्टाने दिलेली सात वर्षं त्यांना पुरेशी वाटली नव्हती. देव नीतिमान आहे, तर त्याने पुरता न्याय केला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या चर्चचे पाद्री कैद्यांना भेटायला जेलात जात. एकदा ते त्यांना म्हणाले होते, "बाई, स्तोत्रं पुढंही वाचा. पापात बुडालेला माणूसही तिथं देवाच्या नीतिमत्त्वाचाच धावा करतो. तू नीतिमान आहेस म्हणून मला वाचव, म्हणतो. न्याय आणि कृपा तो एकाच देवाकडे मागतो."

"माझी एस्तेर कोणत्या पापात बुडाली होती?"

पाद्री जायला उठले. मग प्रेमलताबाईंनीच त्यांच्याजवळ निरोप दिला. "त्याला सांगा, मी रोज देवापुढं त्याचं नाव घेते."

आता गोपिका खुर्चीच्या कडेवर बसली होती. मुलगी आईच्या गुडघ्याला टेकून पाणी पीत होती.

"पाद्रीबाबानं तुमचा निरोप त्यायले सांगितला," गोपिका म्हणाली. "तवापासून ते रोज सकाळी उठून बसत. म्हणत, बाई आता माझं नाव घेऊन राहिली असन. घरचं कोणी भेटाले जात नव्हतं. मीच जाओ, महिन्यातून एकदा. शेवटी त्यायच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तरी मले म्हणे, त्या बाईले जाऊन सांग, मी एकटा नव्हतो."

समोरची मुलगी ग्लास उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर घेत होती. जे जे प्रेमलताबाईंनी मागितलं होतं, ते सगळं त्यांच्या घरात येऊन बसलं होतं. एक शब्द कमी पडला नव्हता.

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. गोपिका हात जोडून निघून गेली असती, आणि जन्मभर त्यांना दुवा देत राहिली असती. ते त्यांना सोसलं नाही.

"ऐक गोपिका," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या भल्यासाठी नव्हती नाव घेत. तो मरावा म्हणून घेत होती. तू विधवा व्हावीस, ही पोर पोरकी व्हावी, म्हणून. रोज. एकही दिवस चुकवला नाही."

तिने उठावं आणि आपल्या थोबाडीत मारावी, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या.

गोपिका उठली नाही. तिने मुलीची ओली हनुवटी पदराने टिपली.

"त्यायले माहीत होतं, बाई," ती म्हणाली. "पाद्रीबाबाले त्यायनं खोदून खोदून विचारलं, बाई काय मागते म्हणून. पाद्रीबाबा खोटं नाई बोलले. त्या दिवशी हे जेवले नाई. मी भेटाले गेली, तवा म्हणाले, मागू दे वं तिले. देव न्यायी असन, तर काय द्यायचं ते तोच ठरवन. पण त्याच्यापुढं माझं नाव घेणारं दुसरं आहे कोण?"